पीकखाली लपलेला पीक: फेरोमॅग्नेटिक नमुना घेऊन मुंबईच्या ध्रुव अणुभट्टीवर जाताना

दरवर्षी कुणीतरी विचारतंच. "मॅडम, व्हीएसएमवर लूप आला, एम-टी आला, टीसीही मिळाला. मग न्यूट्रॉनसाठी मुंबईला कशाला जायचं?" (व्हीएसएम म्हणजे नमुना कंपित करून त्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र; लूप आणि एम-टी म्हणजे चुंबकत्वाचे चुंबकीय क्षेत्रानुसार आणि तापमानानुसार काढलेले ग्राफ; टीसी म्हणजे ज्या तापमानाखाली पदार्थ फेरोमॅग्नेटिक होतो ते.) प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. व्हीएसएम तुमच्या सगळ्या पुडीचं मिळून एक चुंबकत्व मोजतो. त्यात दुसरा एखादा चुंबकीय फेज मिसळलेला असेल तर त्याचंही चुंबकत्व बेरजेत धरलं जातं आणि ग्राफवर ते कळतसुद्धा नाही. कुठल्या जागेवरचा अणू किती मोमेंट (चुंबकीय आघूर्ण) वाहतोय, आणि त्याच तापमानाला त्याच्या शेजारचे ऑक्सिजन कुठे सरकलेत, हे दोन्ही एकाच मापनात सांगणारं साधन म्हणजे न्यूट्रॉन. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण स्पिन असतो आणि स्वतःचं चुंबकीय आघूर्ण असतं. त्यामुळे तो अणुकेंद्रावरूनही विखुरतो आणि जोडी न जमलेल्या इलेक्ट्रॉनांवरूनही. नमुन्याच्या पावडरवर न्यूट्रॉनांचा बीम सोडून कुठल्या कोनाला किती न्यूट्रॉन विखुरतात ते मोजायचं, याला पावडर डिफ्रॅक्शन म्हणतात; ग्राफवर जिथे ते एकदम वाढतात तो उंचवटा म्हणजे पीक.

मी कोल्हापूरच्या बाजूची. पीएचडीचा माझा पदार्थ लँथनम-कॅल्शियम मँगनाइट होता, ज्याला आम्ही सगळे एलसीएमओ म्हणतो. त्यात सत्तर टक्के लँथनम, तीस टक्के कॅल्शियम. त्याचा टीसी २५० केल्विनच्या आसपास येतो. खोलीच्या तापमानाला तो पॅरामॅग्नेटिक असतो (स्पिन विस्कळीत) आणि थंड केला की फेरोमॅग्नेटिक होतो. पहिल्यांदाच न्यूट्रॉन वापरणाऱ्याला मी हाच पदार्थ सुचवते, कारण भट्टी न लावता एकाच क्रायोस्टॅटमध्ये (नमुना थंड करायच्या उपकरणात) चुंबकत्वाच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रं मिळतात. पुढचं सगळं याच पदार्थाला धरून सांगते.

अडचण नेमकी कुठे आहे

अँटिफेरोमॅग्नेटमध्ये शेजारशेजारचे स्पिन उलटसुलट असतात, म्हणून चुंबकीय पुनरावृत्तीचं अंतर स्फटिकाच्या अंतरापेक्षा मोठं होतं आणि जिथे काहीच नव्हतं तिथे नवे पीक उगवतात. क्लिफर्ड शल यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडमध्ये हेच दाखवलं. फेरोमॅग्नेटमध्ये सगळे स्पिन एकाच दिशेला असतात. त्यांची पुनरावृत्ती आणि स्फटिकाची पुनरावृत्ती एकच, म्हणून नवा पीक येत नाही. चुंबकीय पीक अणुकेंद्राच्या पीकच्या बरोबर डोक्यावर बसतो.

एसटीत रिकाम्या बाकावर कुणी येऊन बसलं तर लांबूनही दिसतं. तिघांच्या बाकावर चौथा सरकून बसला, तर जवळ जाऊन मोजावं लागतं. फेरोमॅग्नेटवरचा पावडर डिफ्रॅक्शनचा अख्खा प्रयोग म्हणजे ही मोजणी आहे: थंड असतानाच्या पीकमधून गरम असतानाचा पीक वजा करायचा. वजाबाकी प्रामाणिक व्हावी यासाठीच पुढची सगळी काळजी घ्यायची.

प्रस्ताव लिहायच्या आधी कागदावरचं गणित

हे गणित केल्याशिवाय मी कुणालाही अर्ज करू देत नाही. विखुरण-लांबी म्हणजे न्यूट्रॉन किती जोरात विखुरतो याचं माप. एका बोर मॅग्नेटॉनला (हे मोमेंटचं एकक) न्यूट्रॉनची चुंबकीय विखुरण-लांबी २.६९५ फेम्टोमीटर येते. तिला मोमेंटने गुणा, मग त्या कोनावरच्या फॉर्म फॅक्टरने (कोन वाढला की चुंबकीय विखुरण किती घटतं ते सांगणाऱ्या गुणकाने) गुणा. आलेल्या संख्येचा वर्ग करा. पावडरमध्ये त्याचे दोनतृतीयांश घ्या, कारण विखुरण-सदिशाला लंब असलेला मोमेंटचा भागच न्यूट्रॉनला दिसतो आणि सगळ्या दिशांची सरासरी दोनतृतीयांश येते. हा आकडा अणुकेंद्राच्या विखुरण-लांबीच्या वर्गाशेजारी ठेवा.

लोखंड घेऊ. मोमेंट २.२, (११०) पीकवर (कंसातले आकडे म्हणजे स्फटिकातल्या कुठल्या प्रतलांचा पीक ते) फॉर्म फॅक्टर ०.६ च्या जवळपास. चुंबकीय लांबी सुमारे ३.६ फेम्टोमीटर, अणुकेंद्राची ९.४५. वर्ग करून दोनतृतीयांश घेतले की चुंबकीय भाग अणुकेंद्राच्या भागाच्या साधारण दहा टक्के येतो. मोजता येईल, पण आकडेवारी चांगली हवी. निकेलचा मोमेंट ०.६ आणि अणुकेंद्राची लांबी १०.३. तिथे हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. निकेलची पावडर घेऊन साध्या, ध्रुवित न केलेल्या (न्यूट्रॉनांचे स्पिन एका दिशेला न लावलेल्या) बीमवर गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

आता एलसीएमओ. मँगनीजची अणुकेंद्रीय लांबी ऋण आहे, उणे ३.७३. बाकीच्यांच्या लांब्या धन: लँथनम ८.२४, कॅल्शियम ४.७०, ऑक्सिजन ५.८०. सोयीसाठी पेरोव्हस्काइट, म्हणजे एलसीएमओची स्फटिकरचना, पूर्ण क्युबिक धरू. (१००) पीकसाठी ए जागेतून (लँथनम-कॅल्शियम) बी जागा (मँगनीज) वजा आणि त्यातून एक ऑक्सिजन वजा असा हिशेब होतो. ए जागेची सरासरी ७.१८, त्यातून उणे ३.७३ वजा करायचे म्हणजे मिळवायचे, मग ५.८० वजा. उरले ५.१, त्याचा वर्ग २६. मँगनीजचा मोमेंट साडेतीन आणि फॉर्म फॅक्टर ०.८६ धरला तर चुंबकीय लांबी ८.१ येते; वर्गाचे दोनतृतीयांश जवळजवळ ४४. म्हणजे चुंबकीय भाग अणुकेंद्रीय भागापेक्षा मोठा! (११०) वर तर अणुकेंद्रांचे वाटे एकमेकांना जवळपास खोडून टाकतात: ७.१८ उणे ३.७३ उणे ५.८०, म्हणजे उणे २.३५, वर्ग साडेपाच. चुंबकीय भाग मात्र ३२. खऱ्या स्फटिकात ऑक्सिजनचे अष्टफलक कललेले असतात, त्यामुळे हे आकडे बदलतात. पण दिशा कळते: कमी कोनावरचे पहिले दोन पीक पाहायचे, आणि ते डोळ्यांना दिसतील इतके वाढणार. हे गणित पहिल्यांदा मी वसतिगृहाच्या खोलीत केलं होतं आणि २६ शेजारी ४४ लिहिल्यावर किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते. एका मूलद्रव्याच्या ऋण चिन्हामुळे इतकं सोपं होतं!

याच कागदावर आणखी एक गोष्ट तपासा: न्यूट्रॉन गिळणारी मूलद्रव्यं. नैसर्गिक गॅडोलिनियम सुमारे ४९,७०० बार्न (अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती मोठं लक्ष्य वाटतं याचं एकक), कॅडमियम २,५२०, बोरॉन ७६७. युरोपियम, समॅरियम, डिस्प्रोशियम ही याच पंक्तीतली. नमुन्यात बोरॉन असेल तर बोरॉन-११ हे समस्थानिक विकत घेऊन नमुना बनवावा लागतो. कोबाल्ट असेल तर अर्जातच ठळक लिहा. बीममध्ये त्याचं कोबाल्ट-६० होतं, त्याचा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षं, नमुना लगेच परत मिळेल असं धरून चालू नका. मँगनीज-५६ चं अर्धायुष्य २.५८ तास, पण लँथनम-१४० चं सुमारे ४० तास, म्हणून आमच्या नमुन्याला काही दिवस विसावा द्यावा लागतो.

नमुना

एक्स-रेला चिमूटभर पावडर चालते. इथे पाच ते दहा ग्रॅम लागते, आणि ती एकाच बॅचची हवी. तीन वेळा बनवलेली तीन-तीन ग्रॅम एकत्र करू नका. टीसी वेगवेगळे निघाले तर संक्रमण पसरट होतं आणि तो पदार्थाचा गुण की तुमच्या मिसळण्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

दहा ग्रॅम एलसीएमओला लँथनम ऑक्साइड ५.३७४ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट १.४१५ ग्रॅम आणि मँगनीज डायऑक्साइड ४.०९७ ग्रॅम लागतं. या तीन ओळींत सगळ्यात दगाबाज पहिली आहे. लँथनम ऑक्साइड हवेतला ओलावा ओढून घेऊन हायड्रॉक्साइड होतं. बाटलीवर ऑक्साइड लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. रात्रभर ९०० ते १००० अंश सेल्सिअसला तापवा, कोमट असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवा आणि लगेच वजन करा. नाहीतर लँथनम कमी पडतं आणि सगळं गुणोत्तर बिघडतं.

मग अगेटच्या खलात घोटायचं, हात दुखेपर्यंत. ९००-१००० ला कॅल्सिनेशन (पावडर भाजणं), पुन्हा घोटणं, पेलेट दाबणं, १३०० च्या आसपास सिंटरिंग (पेलेट भाजून घट्ट करणं), मध्ये मध्ये पुन्हा दळणं. पेलेट दाबताना पीव्हीए बाइंडर (पावडर चिकटवून धरणारं पॉलिमर) वापरत असाल तर ते पूर्ण जळून जाईल असा टप्पा ठेवा. कारण त्यातला हायड्रोजन. हायड्रोजनचं असंबद्ध विखुरण ८० बार्न आहे, आणि ते प्रत्येक कोनावर सारखं पसरून बॅकग्राउंड उचलून धरतं. माझा पहिला नमुना जुलैमध्ये तयार झाला आणि मी तो साध्या प्लास्टिकच्या डबीत तीन आठवडे ठेवला. आमच्याकडच्या पावसात! त्यात थोडं लँथनम ऑक्साइड अभिक्रिया न होता उरलं होतं. एक्स-रेमध्ये ते दिसलं नव्हतं. न्यूट्रॉनमध्ये बॅकग्राउंड इतकं वर आलं की छोटे पीक त्यात बुडून गेले. तेव्हापासून प्रयोगाला निघायच्या दोन दिवस आधी पावडर पुन्हा तापवायची आणि बंद बाटलीत, सिलिका जेलसोबत न्यायची हा माझा नियम आहे.

निघण्यापूर्वी तीन कागद हातात हवेत: त्याच बॅचचा एक्स-रे, त्याच बॅचचा एम-टी, आणि ऑक्सिजनच्या प्रमाणासाठी केलेलं आयोडोमेट्रीचं टायट्रेशन. तिसरा कागद बहुतेक जण टाळतात. मँगनीजची संयुजा ऑक्सिजनवर ठरते आणि मोमेंट संयुजेवर. तीस टक्के कॅल्शियम आणि ऑक्सिजन बरोबर तीन असेल तर स्पिनमधून जास्तीत जास्त ३.७ बोर मॅग्नेटॉन मिळू शकतात. रिफाइनमेंटमध्ये (रचनेचं गणित मापनाशी जुळवताना) ३.९ आलं तर चूक कुठे शोधायची, हे या कागदावरून कळतं.

ट्रॉम्बे

ध्रुव रिअ‍ॅक्टर मुंबईत ट्रॉम्बेला ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाला. शंभर मेगावॅट, इंधन नैसर्गिक युरेनियम, मंदक जड पाणी. त्याआधी अप्सरा आणि सायरस या रिअ‍ॅक्टरांवर आपल्याकडे न्यूट्रॉन विखुरणाची परंपरा उभी राहिली, त्यात भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार यांचा वाटा मोठा. विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या आमच्यासारख्यांसाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संशोधन संस्थेचं) मुंबई केंद्र हे दार आहे. त्यांची पावडर डिफ्रॅक्टोमीटरची बीमलाइन ध्रुववर आहे, तरंगलांबी १.४८ अँगस्ट्रॉम. प्रस्ताव पाठवायचा, मंजूर झाला की तारीख मिळते.

प्रस्ताव दोन पानांचा असू द्या. वरचं गणित त्यात लिहा. "चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करायचा आहे" एवढ्याने काम होत नाही. "(१००) पीक इतका वाढेल अशी अपेक्षा आहे, म्हणून ही सात तापमानं हवीत" असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुम्ही तयारी केल्याचं दिसतं.

प्रवेश परवान्याला वेळ लागतो, कागदपत्रं लवकर पाठवा. मोबाइल, पेनड्राइव्ह, लॅपटॉप परवानगीशिवाय आत नेता येत नाही, म्हणून सगळी गणितं आणि तापमानांचा तक्ता वहीत लिहून न्या. मी महालक्ष्मी एक्सप्रेसने जायचे, दादरला उतरून कुर्ला, तिथून हार्बरने मानखुर्द. पाठीवरच्या पिशवीत दोन बाटल्या, वही आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या. आत टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा) मिळतो, तो छातीवर लावलेला राहू द्या आणि तिथले शास्त्रज्ञ सांगतील त्याच रेषेत उभे राहा. त्यांना प्रश्न विचारा. उपकरणाचा स्वभाव त्यांच्याइतका कुणालाच माहीत नसतो.

मोजताना

पावडर व्हॅनेडियमच्या डबीत भरतात. व्हॅनेडियमची संबद्ध विखुरण-लांबी उणे ०.३८ फेम्टोमीटर, म्हणजे जवळजवळ शून्य, म्हणून डबीचे पीक दिसत नाहीत. भरताना हळूहळू ठोका, पोकळ्या राहू देऊ नका, आणि भरलेल्या पावडरची उंची वहीत टिपा.

सगळ्यात महत्त्वाचं: खोलीच्या तापमानाचं मापनसुद्धा क्रायोस्टॅटच्या आत ठेवूनच घ्या. वेळ वाचवायला ते बाहेर उघड्यावर घ्यावंसं वाटतं. पण क्रायोस्टॅटच्या भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, आणि १.४८ अँगस्ट्रॉमला अ‍ॅल्युमिनियमचे पीक ३६.९ आणि ४२.९ अंशांवर येऊ शकतात. थंडातलं मापन भिंतीतून आणि गरमातलं भिंतीशिवाय, अशी वजाबाकी खोटी ठरते.

आधी ३०० केल्विन, भरपूर वेळ देऊन. मग थेट खाली, उपकरण नेईल तितकं. तिथेही भरपूर वेळ. ही दोन मापनं प्रयोगाचे दोन खांब आहेत. मधल्या तापमानांना कमी वेळ दिला तरी चालतो. खालून वर येताना १००, १५०, २००, मग टीसीजवळ दाट: २२०, २३५, २५०, २६५. प्रत्येक वेळी कंट्रोलरवर आकडा स्थिर झाल्यावर अर्धा तास थांबा. डबीच्या मधली पावडर सेन्सरपेक्षा उशिरा त्या तापमानाला येते.

बसल्या बसल्या पाहायचं काय? २२ अंशांच्या आसपासचा पीक, म्हणजे ३.८७ अँगस्ट्रॉमचा, आणि ३१.५ अंशांजवळचा, २.७३ अँगस्ट्रॉमचा. एलसीएमओच्या खऱ्या, किंचित कललेल्या पीएनएमए (Pnma) रचनेत पहिल्यात (१०१) आणि (०२०) एकत्र असतात, दुसऱ्यात (२००), (००२) आणि (१२१). ते वाढले, पण ९० अंशांपलीकडचे पीक त्या प्रमाणात वाढले नाहीत, तर वाढ चुंबकीय आहे. फॉर्म फॅक्टर मोठ्या कोनावर विझतो, म्हणून चुंबकत्व तिथे पोचत नाही. उलट, थंडीमुळे अणूंची थरथर कमी होऊन येणारी वाढ मोठ्या कोनावर जास्त असते. मी रात्री दोन वाजता पडद्यावर २२ अंशांचा पीक उंच होत जाताना पाहिला आहे. व्हीएसएमवर शंभरदा पाहिलेलं चुंबकत्व त्या रात्री मला पहिल्यांदा अणूंच्या जागेवर बसलेलं दिसलं.

रिफाइनमेंट

ह्यूगो रीटव्हेल्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेली, रचनेवरून अख्खा ग्राफ काढून मापनाशी जुळवायची पद्धत सुरुवातीपासूनच चुंबकीय रचनेसाठीही होती. आपण त्यासाठी फुलप्रॉफ हे सॉफ्टवेअर वापरतो. क्रम पाळा.

३०० केल्विनचा डेटा फक्त अणुकेंद्रीय रचनेने जुळवा. ऑक्सिजनच्या जागा, थर्मल पॅरामीटर, पीकचा आकार सगळं बसू द्या. इथे फिट चांगला नसेल तर पुढे जाऊ नका. इथली प्रत्येक चूक खाली मोमेंट होऊन बसते. मग सगळ्यात थंड डेटा घ्या. आधी मोठ्या कोनांचाच भाग वापरून स्केल आणि जागा ठरवा, कारण तिथे चुंबकत्व नाही. नंतर पूर्ण पट्टा उघडा: कमी कोनावरचे पीक गणितापेक्षा उंच राहिलेले दिसतील. आता मँगनीजवर मोमेंट ठेवा, प्रसारण सदिश (प्रोपगेशन व्हेक्टर) शून्य, म्हणजे चुंबकीय आणि स्फटिकाची पुनरावृत्ती एकच, आणि फक्त मोमेंट मोकळा सोडा. शेवटी सगळं एकदम मोकळं करून पाहा. स्केल आणि मोमेंट एकमेकांच्या विरुद्ध पळत असतील तर थांबा आणि कोरिलेशनचा तक्ता वाचा.

मोमेंट कुठल्या अक्षाकडे आहे हे सांगायचा मोह होतो. सांगू नका. क्युबिक पावडरमधून फेरोमॅग्नेटिक मोमेंटची दिशा निघूच शकत नाही, आणि आपला पदार्थ क्युबिकच्या इतका जवळ आहे की दिशा बदलली तरी फिट फारसा हलत नाही. टेट्रागोनल किंवा षट्कोनी पदार्थात मुख्य अक्षाशी होणारा कोन तेवढा मिळतो. एखाद्या प्रबंधात "मोमेंट बी अक्षावर आहेत" असं ठामपणे लिहिलेलं दिसलं, तर ते कशावरून ठरवलं हे मी तोंडी परीक्षेत नक्की विचारते.

मोमेंट विरुद्ध तापमान काढल्यावर त्याच्या शेजारी व्हीएसएमचा एम-टी ठेवा. दोन्ही एकाच ठिकाणी शून्याला जायला हवेत. सात-आठ बिंदूंवरून क्रिटिकल एक्सपोनंट (टीसीजवळ मोमेंट किती वेगाने शून्याला जातो याचा घातांक) काढू नका. एलसीएमओबाबत तर अधिकच सावध राहा. टीसीजवळ हा पदार्थ साध्या फेरोमॅग्नेटसारखा वागत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अप्रत्यास्थ विखुरणातून (ज्यात न्यूट्रॉनची ऊर्जा बदलते) दाखवलं की स्पिन-लहरींचा ताठपणा टीसीकडे जाताना शून्याकडे कोसळत नाही. त्यासाठी ट्रिपल-अ‍ॅक्सिस स्पेक्ट्रोमीटर लागतो. लोखंडात हा ताठपणा सुमारे २८० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट गुणिले अँगस्ट्रॉम वर्ग आहे, म्हणजे ०.१ प्रति अँगस्ट्रॉम तरंगसदिशाला २.८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा. न्यूट्रॉनच्या ऊर्जेच्या अगदी आवाक्यातली.

निकेलवाल्यांसाठी

ज्यांचं कागदावरचं गणित एक-दोन टक्क्यांवर थांबलं त्यांनी ध्रुवित न्यूट्रॉनकडे, म्हणजे स्पिन एका दिशेला लावलेल्या बीमकडे जावं. साध्या बीममध्ये दोन भागांचे वर्ग मिळवले जातात; ध्रुवित बीममध्ये लांब्याच आधी मिळवल्या किंवा वजा केल्या जातात आणि मग वर्ग होतो. लोखंडाच्या (११०) ला ९.४५ अधिक ३.६ आणि ९.४५ उणे ३.६, दोन्हींचे वर्ग करून भागा: स्पिन उलटवल्यावर तीव्रतेत जवळपास पाचपट फरक. जो भाग दहा टक्के होता तोच. निकेलच्या (१११) ला चुंबकीय लांबी जेमतेम एक फेम्टोमीटर, पण हेच गुणोत्तर दीडपट येतं. यासाठी एकस्फटिक हवा, आणि नमुना चुंबकीय क्षेत्रात संपृक्त केलेला हवा. संपृक्त नसेल तर आतले डोमेन (वेगवेगळ्या दिशांना चुंबकत्व असलेले छोटे भाग) न्यूट्रॉनांचे स्पिन भलतीकडे वळवतात आणि बीमचं ध्रुवीकरणच हरवतं. हे हरवणंही मोजता येतं. डोमेनच्या आकाराचा अंदाज त्यातून मिळतो, आणि ट्रॉम्बेत ते काम झालेलं आहे.

परत आल्यावर त्याच आठवड्यात वहीतलं सगळं स्वच्छ उतरवून काढा: डबीतली उंची, प्रत्येक तापमानाची सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मॉनिटर काउंट (बीममधून किती न्यूट्रॉन आले त्याची मोजणी), बीम मध्ये थांबला असेल तर किती वेळ. नमुना परत मिळाला की त्याचा पुन्हा एक्स-रे घ्या आणि बाटलीवर तारीख घाला. माझ्या २०० केल्विनच्या बिंदूची एरर बार शेजाऱ्यांपेक्षा मोठी का, हे परीक्षकांनी दोन वर्षांनी विचारलं, तेव्हा उत्तर त्या वहीत होतं: पहाटे चार ते सव्वापाच, बीम बंद.